सीटी नॉर्मल, एमआरआयमध्ये पांढरा डाग : उपाशी मेंदू दिसतो तरी कसा?

तुमचा प्रश्न लांबलचक होता. आधी तो आटोपशीर मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही धागा लागेल. वडील ६४ वर्षांचे, साखर आणि बीपी जुनं. रात्री साडेदहाला ठणठणीत झोपले, पहाटे पाचला उठले तर उजवा हात उचलेना आणि जीभ जड. आजीनं लगेच ओळखलं, ‘अंगावरून वारं गेलं’. सातला तालुक्याच्या गावी सीटी झाला, रिपोर्ट नॉर्मल. अकराला जिल्ह्याच्या ठिकाणी एमआरआय झाला आणि त्यात डाव्या बाजूला ‘अक्यूट इन्फार्क्ट (रक्ताअभावी नुकताच मेलेला भाग), डिफ्युजन रिस्ट्रिक्शन’. मग कॉन्ट्रास्ट देऊन ‘परफ्युजन’ केलं. डॉक्टर म्हणाले, मेलेला भाग लहान आहे, उपाशी भाग मोठा आहे, गुठळी काढू. काढली. आज तीन आठवडे झाले, हात खांद्यापर्यंत जातो, पण शर्टाचं बटण लागत नाही. तुम्ही विचारता : सीटीनं फसवलं का? रक्त पोचत नाही हे एमआरआयला कळतं कसं? पांढरा डाग बरा होईल का? पुन्हा एमआरआय काढावा का? आणि जाता जाता, काकांच्या खुब्याचा ‘रक्तपुरवठा बंद’ झालाय, तो आजार हाच का?

मी रेडिओलॉजिस्ट आहे, वीसेक वर्षं ह्याच फिल्मा बघतोय. तुमच्या वडिलांच्या फिल्मा मी पाहिलेल्या नाहीत, तेव्हा त्यांचे उपचार त्यांच्या न्यूरोलॉजिस्टनीच ठरवायचे. बाकी सगळं सांगतो.

सीटीनं फसवलं नाही. स्ट्रोकमध्ये सीटीला पहिला प्रश्न एकच विचारलेला असतो : रक्तस्राव आहे का? लकव्याचा झटका नस फुटूनही येतो आणि नस तुंबूनही येतो, दोन्हीचे उपचार एकमेकांच्या उलट. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन फुटलेल्या नसेच्या पेशंटला दिलं तर तो हातचा जाईल. सीटी दोन मिनिटांत ‘रक्त सांडलेलं नाही’ एवढं छातीठोक सांगतो. ‘नॉर्मल’चा तिथला अर्थ तेवढाच. नातेवाईक मात्र तो शब्द वाचून सुटकेचा श्वास टाकतात आणि कधीकधी पेशंटला घरी घेऊन जातात. हात लुळा आहे आणि सीटी नॉर्मल आहे, तर स्ट्रोक नाही असं नव्हे, उलट उपचाराला वाव आहे असा त्याचा अर्थ निघतो.

आता सीटीला तो भाग का दिसला नाही, हे कळलं की एमआरआयचं निम्मं कोडं सुटतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तातला १५ ते २० टक्के हिस्सा त्याचा. साठवण शून्य. रक्त थांबलं की काही मिनिटांत पेशीच्या भिंतीतले सोडियम-पोटॅशियमचे पंप बंद पडतात, सोडियम आत साचतो आणि त्याच्यामागून पाणी आत शिरतं. पेशी फुगते, दोन पेशींमधली बोळ चिंचोळी होते. लक्षात घ्या, ह्या घडीला बाहेरून नवं पाणी फारसं आलेलं नाही. होतं तेच पाणी बोळातून घरात गेलंय. सीटी मोजतो घनता. एकूण पाणी तेवढंच, म्हणून घनताही तेवढीच. बाहेरचं पाणी झिरपून साचायला तास लागतात, तेव्हा कुठे सीटीवर तो भाग काळपट दिसू लागतो.

डिफ्युजन एमआरआय पाणी किती आहे ते विचारत नाही, पाणी हलतंय का ते विचारतो. सगळी गंमत इथे आहे. पाण्याचा रेणू कधी स्वस्थ बसत नाही. मेंदूत पन्नास मिलिसेकंदांत तो इकडेतिकडे भटकत साधारण दहा मायक्रॉन सरकतो, म्हणजे जवळपास एका पेशीच्या रुंदीएवढा. मशीन काय करतं, तर चुंबकीय क्षेत्राला एकदा एका दिशेनं उतार देतं आणि क्षणभरानं तितकाच उतार उलटा देऊन आधीचा परिणाम पुसून टाकतं. जो रेणू जागच्या जागी आहे त्याचा हिशेब शून्यावर येतो, त्याचा सिग्नल शाबूत राहतो. जो भटकला त्याचा हिशेब जुळत नाही, त्याचा सिग्नल गळतो. निरोगी मेंदूत पाणी मोकळं फिरतं, म्हणून तो राखाडी. फुगलेल्या पेशींत आणि चिंचोळ्या बोळांत पाणी कोंडलं, म्हणून तो भाग दिव्यासारखा पांढरा. तुमच्या रिपोर्टातलं ‘डिफ्युजन रिस्ट्रिक्शन’ म्हणजे ही कोंडी. फिल्मवरचा तो पांढरा ठिपका म्हणजे रक्त नव्हे आणि गुठळीही नव्हे.

ही युक्ती मेंदूवर पहिल्यांदा वापरली डेनिस ल बिहान ह्या फ्रेंच डॉक्टरनं, १९८० च्या दशकाच्या मध्यात. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल मोझली आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूची नस बंद करून दाखवलं की नेहमीचं एमआरआय चित्र कोरं असताना तासाभराच्या आतच डिफ्युजनवर डाग उमटतो. पण पेशंट कणभर हलला तरी हिशेब बिघडायचा, कारण मोजायचं ते मायक्रॉनमध्ये. त्यावर तोडगा ठरली पीटर मॅन्सफिल्डनं १९७७ मध्ये मांडलेली एको-प्लॅनर पद्धत, म्हणजे एक आख्खा काप डोळ्याची पापणी लवायच्या आत टिपणं. त्याला २००३ चं नोबेल मिळालं. आज आमच्याकडे आख्ख्या मेंदूचं डिफ्युजन एक-दोन मिनिटांत होतं. त्याहून जास्त वेळ जातो आजींच्या साडीतल्या पिना, केसांतले आकडे आणि बोटात रुतलेली अंगठी काढण्यात. स्ट्रोकच्या पेशंटला घेऊन निघालात तर रुग्णवाहिकेतच हे काढून घ्या, चेष्टा नाही.

आता स्क्रीनवर मी काय करतो ते सांगतो. पांढरा डाग दिसला की लगेच हुरळून जायचं नसतं. जुना, पाणी साचलेला व्रणही डिफ्युजनवर पांढरा चमकतो, तो उसना उजेड असतो. म्हणून शेजारी दुसरा नकाशा उघडतो, एडीसी. त्यात पाण्याच्या भटकण्याचा नुसता आकडा असतो, उसना उजेड वगळून. डागावर माऊसनं छोटा गोल काढतो : ४८०. समोरच्या बाजूला तश्शाच जागी दुसरा गोल : ७९०. एकक आहे सेकंदाला चौरस मिलिमीटरचे दशलक्षांश, पण एकक विसरलात तरी चालेल. निरोगी मेंदूत हा आकडा ७०० ते ९०० च्या घरात असतो. ६२० च्या खाली गेलेला भाग परफ्युजनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘गाभा’, म्हणजे गेल्यात जमा, असा धरतात. डिफ्युजनवर पांढरं आणि एडीसीवर काळं, अशी जोडी जमली तरच ताजा इन्फार्क्ट. तरीही डोकं वापरावं लागतंच, कारण साखर फार उतरली, फिट येऊन गेली, पू झाला, तरी तिथेही पाणी कोंडतं. फरक असा की इन्फार्क्ट बहुधा एका नसेची हद्द पाळतो आणि बाकीची मंडळी हद्द पाळत नाहीत.

ह्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. डिफ्युजन कोरं आलं म्हणजे स्ट्रोक नाहीच, असंही नाही. शंभरात सहा-सात स्ट्रोक सुरुवातीला डिफ्युजनवर दिसत नाहीत, आणि त्यात मेंदूच्या मागच्या भागातले, लहान मेंदू आणि मेंदूच्या देठातले जास्त. चक्कर येतेय, तोल जातोय, एकाचे दोन दिसताहेत आणि पहिल्या दिवसाचा एमआरआय साफ, अशा पेशंटच्या बाबतीत मी न्यूरोलॉजिस्टच्या बोटांवर आणि डोळ्यांवर फिल्मपेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

आता ‘मेलेला भाग लहान, उपाशी भाग मोठा’ ह्या वाक्याकडे. माझ्या मते तुमच्या वडिलांच्या सगळ्या कहाणीत महत्त्वाचं वाक्य हेच. रक्त कमी पडणं ही एक अवस्था नाही, त्यात पायऱ्या आहेत. शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलीलीटर रक्त लागतं. ते वीसच्या खाली गेलं की पेशी काम थांबवते, हात लुळा पडतो. पण पेशी जिवंत असते. दहाच्या खाली गेलं की पंप बंद पडतात आणि ती मरू लागते. दहा आणि वीसच्या मधला जो पट्टा, त्याला १९८१ मध्ये ऑस्ट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रहणावरून नाव वापरलं, पेनम्ब्रा. आपल्या पंचांगात छायाकल्प चंद्रग्रहण असतं ना, चंद्र गडद सावलीत जात नाही, नुसता मंदावतो, तीच कल्पना.

मी कॅनॉलच्या गावचा, मला पाण्याचंच उदाहरण सुचतं. पाटाला पाणी कमी सुटलं की टेलच्या शेतातला ऊस आधी कोमेजतो. कोमेजलेला ऊस लांबून वाळलेल्यासारखाच दिसतो, पण पाळी आली की रात्रीत उभा राहतो. वाळलेल्याला नंतर कितीही पाणी पाजा. बांधावर उभं राहून कोमेजलेलं कुठे संपतं आणि वाळलेलं कुठे सुरू होतं हे सांगता येणं, एवढंच आमचं काम. पेशंटकडे नुसतं बघून ते कळत नाही, कारण लुळा हात दोन्हींत सारखाच लुळा.

वाळलेलं दाखवतं डिफ्युजन. कोमेजलेलं दाखवतं परफ्युजन. त्यासाठी हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम ह्या धातूचं कॉन्ट्रास्ट जोरात सोडतात, सेकंदाला पाचेक मिलीलीटर, आणि ते मेंदूतून एकदा वाहून जाईपर्यंत दीड-दोन सेकंदांना एक असे आख्ख्या मेंदूचे फोटो काढत राहतात. गॅडोलिनियम जिथून जातं तिथला सिग्नल क्षणभर पडतो. प्रत्येक ठिपक्यासाठी मशीन बघतं की हा खड्डा कधी पडला, किती खोल पडला, भरायला किती वेळ लागला. म्हणजे पाणी तुमच्या शेतात किती उशिरा पोचलं आणि किती आलं. सहा सेकंदांहून जास्त उशीर झालेला भाग धोक्यातला धरतात. त्यातून डिफ्युजनचा गाभा वजा करायचा, उरलं ते वाचवण्याजोगं.

हे वजाबाकीचं गणित कागदावरच राहिलं असतं, पण २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डिफ्यूज ३ ह्या चाचणीनं त्याला धार दिली. त्यात सहा ते सोळा तास उलटून गेलेले पेशंट घेतले. अट अशी की गाभा ७० मिलीलीटरच्या आत, धोक्यातला एकूण भाग गाभ्याच्या किमान १.८ पट आणि वाचवण्याजोगा भाग किमान १५ मिलीलीटर. अशांची गुठळी कॅथेटरनं, म्हणजे नसेतून सरकवलेल्या बारीक नळीनं, काढली तर नुसत्या औषधांपेक्षा स्वतःच्या पायावर उभे राहणारे खूपच जास्त निघाले. तुमचे वडील रात्री साडेदहानंतर कुणी धडधाकट पाहिलेले नाहीत, म्हणजे अकराच्या एमआरआयला घड्याळात साडेबारा तास झाले होते. जुन्या नियमानं साडेचार तास उलटले की इंजेक्शन नाही आणि सहा उलटले की कॅथेटर नाही. त्यांना संधी मिळाली ती ह्या वजाबाकीमुळे.

‘दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात’ हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. २००६ मधला जेफ्री सेव्हर ह्यांचा हिशेब आहे आणि लोकांना घाईनं दवाखान्यात आणायला तो उत्तम आहे. पण ती सरासरी झाली. काहींच्या मेंदूत आडवाटेच्या नसा इतक्या चांगल्या असतात की मुख्य नस बंद पडून दहा तास झाले तरी गाभा लिंबाएवढा. काहींचा दोन तासांत अर्धा मेंदू जातो. भिंतीवरचं घड्याळ एक आणि मेंदूतलं घड्याळ दुसरं. (हे वाचून कुणी ‘चला, दुपारी जाऊ’ म्हणू नये. आपल्या आडवाटा कशा आहेत हे आधी कुणालाच ठाऊक नसतं.)

मेंदूतलं घड्याळ वाचायची एक सोपी रीत आहे, कॉन्ट्रास्टशिवायची. फ्लेअर नावाचं चित्र बाहेरून आलेलं पाणी दाखवतं आणि ते पाणी यायला साधारण साडेचार तास तरी जातात. डिफ्युजनवर डाग आहे आणि फ्लेअरवर त्या जागी काही नाही, तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. वेक-अप ह्या युरोपातल्या चाचणीनं २०१८ मध्ये दाखवलं की झोपेत झटका आलेल्या अशा पेशंटना गुठळीचं इंजेक्शन फायद्याचं ठरतं, मेंदूत रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो तरी.

ह्यातली एक बाई माझ्या कायम लक्षात आहे. पन्नाशीतली, पहाटे झोपेतून उठल्या उठल्या चहाचं पातेलं हातातून पडलं आणि बोलणं थांबलं. सात वाजता मशीनवर. डिफ्युजनवर डावीकडे कानाच्या वरच्या बाजूला, खोल घडीत, बदामाएवढा पांढरा डाग. फ्लेअर उघडलं, उजेड वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला, त्या जागी काहीच नाही. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून मी फोनवर न्यूरोलॉजिस्टला एवढंच म्हटलं, ‘फ्लेअर कोरं आहे.’ पुढचं वाक्य ऐकायलाही तो थांबला नाही. चौथ्या दिवशी ती रिपोर्ट न्यायला स्वतः आली आणि पावती मराठीत का नाही म्हणून काउंटरवरच्या मुलीशी वाद घालत होती. त्याच आठवड्यातला दुसरा पेशंट, तसाच झोपेतून उठलेला, डागही तेवढाच, पण फ्लेअरवर तो आधीच उजळलेला. मोठी नस उघडी होती, म्हणजे कॅथेटरनं काढायलाही काही नव्हतं. त्याला इंजेक्शन मिळालं नाही. त्याच्या मुलाला ‘का नाही’ हे समजावताना मला शब्द पुरले नाहीत.

परफ्युजनचे रंगीत नकाशे दिसायला भारी असतात, नातेवाईकांना तेच दाखवतात. मी मात्र त्यांच्याकडे संशयानंच बघतो. हृदयाचं पंपिंग कमजोर असेल तर कॉन्ट्रास्ट मुळातच रेंगाळत येतं आणि अंदाज चुकतो. मानेतली कॅरोटिड नस वर्षानुवर्षं अरुंद असेल तर त्या बाजूला पाणी रोजच उशिरा पोचतं, पण पुरेसं पोचतं. शेत हिरवं असतं आणि नकाशा लाल. म्हणून रंग बघण्याआधी मी मानेच्या नसांचा अँजिओ आणि कॉन्ट्रास्टचा आलेख बघतो. किडनी फारच कमजोर असेल तर गॅडोलिनियम जपून वापरतात. जुन्या प्रकारच्या औषधांमुळे अशा पेशंटची कातडी दगडासारखी कडक होण्याचा आजार २००६ च्या सुमारास लक्षात आला, आताच्या नव्या औषधांत तो धोका अगदी नगण्य आहे. कॉन्ट्रास्ट टाळायचंच असेल तर मानेतल्या रक्तातल्या पाण्यालाच चुंबकानं खूण करून ते मेंदूत किती पोचलं ते मोजता येतं. एएसएल म्हणतात त्याला. पण घाईच्या वेळी त्यात गडबड लवकर होते.

पांढरा डाग बरा होईल का? डाग म्हणजे गाभा, त्याचा बहुतेक भाग परत येत नाही. रक्त फार लवकर सुरू झालं तर थोडा कडेकडेनं मागे हटतो, त्यावर आशा बांधू नका. पण आज वडिलांचा हात खांद्यापर्यंत जातोय तो वाचलेल्या भागामुळे, आणि पुढची सुधारणा होईल ती शेजारच्या भागानं काम शिकून घेतल्यामुळे. हे शिकणं एमआरआयवर दिसत नाही.

म्हणूनच नुसती सुधारणा बघायला पुन्हा एमआरआय काढू नका. आठवडा-दहा दिवसांनी पेशी फुटू लागतात, कोंडलेलं पाणी सुटतं, आणि एडीसीचा आकडा पुन्हा ७००-८०० वर येतो. वर करणी नॉर्मल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डाग धूसर होतो, नातेवाईक पेढे घेऊन येतात आणि मला ते पेढे खाववत नाहीत. ती मेलेल्या भागाची आवराआवर असते. नवा झटका आला, डोकं फार दुखू लागलं, फिट आली, तर मात्र लगेच काढा. एरवी ते पैसे फिजिओथेरपीला लावा आणि शर्टाचं बटण किती सेकंदांत लागतं ते दर रविवारी वहीत लिहून ठेवा.

काकांचा खुबा. मूळ दुखणं तेच, रक्त न पोचणं, पण हाड मेंदूसारखं बोलत नाही. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नसा मोजक्या. जास्त दिवस स्टेरॉइड घेतलं, दारू फार झाली किंवा त्या गोळ्याखालची हाडाची मान मोडली की त्यांतलं रक्त थांबतं. कोविडनंतर आपल्याकडे असे खुबे बरेच दिसले, बहुतेकांच्या फायलीत स्टेरॉइड सापडलं. इथे डिफ्युजनचा उपयोग फारसा नाही. मेलेल्या मज्जेतली चरबी बरेच दिवस एमआरआयवर तशीच पांढरी, तुकतुकीत दिसत राहते. आम्ही बघतो ती सीमारेषा, जिथे जिवंत हाड मेलेल्याला कुरतडून दुरुस्ती करू बघतं. टी-टू नावाच्या एमआरआय चित्रावर तिथे एक काळी आणि तिला लागून एक पांढरी अशी दुहेरी रेघ उमटते, आणि तिला वेळ लागतो. मेंदूत मिनिटं, हाडात आठवडे. तरीही एक्स-रेच्या कितीतरी आधी एमआरआयच सांगतो, आणि गोळा खचायच्या आत कळलं तर सांधा बदलण्याआधी बाकी उपाय हाताशी असतात.

हृदयाचं विचारलं नाहीत, पण बायपास ठरलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून दोन ओळी. तिथे गॅडोलिनियम दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून चित्र काढतात. जिवंत स्नायूतून ते धुऊन जातं, व्रणात अडकून राहतं. पांढरं ते मेलेलं. भिंतीच्या निम्म्याहून जास्त जाडीत पांढरं असेल तर नस उघडूनही तो भाग पुन्हा जोरानं आकुंचन पावेल ही आशा कमी.

काकांनी एकाच खुब्याचा एमआरआय काढलाय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. स्टेरॉइडमुळे झालेला हा आजार बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असतो आणि दुसरी बाजू तेव्हा दुखतही नसते. मशीनवर जायच्या आधी टेक्निशियनला सांगा, दोन्ही खुबे एकाच चित्रात घ्या. वेळ जवळपास तेवढाच लागतो. आणि वडिलांची सीडी जपून ठेवा, नुसत्या फिल्मा नकोत. फिल्मवर एडीसीचा आकडा मोजता येत नाही.